अठरा ओळींचं मस्कत

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मी नर्स आहे, मस्कतला. किती माणसं डोळ्यांदेखत गेली... एकही परत आलं नाही. हे लिहितेय ते कोणी घाबरावं म्हणून नाही, माझा राग अजून उतरलेला नाही म्हणून.

माहेर आचऱ्याचं. बाबा जन्मभर होडीवर. मस्कत किती लांब, असं कोणी विचारलं की मी ऐटीत सांगायचे, "विमानाने अडीच तास! तुमचा कणकवलीचा बाजार होईपर्यंत मी घरात." बाबांचं माप वेगळं. मी विमानात बसल्याचा फोन केला की ते मागच्या पडवीत जाळं विणायला बसायचे. उतरल्याचा फोन आला की सुई खाली. "तुज्या मस्कताक अठरा ओळी लागतत गो," म्हणायचे. दरवेळी अठराच.

गेल्या वर्षी त्यांना पॅरालिसिस झाला, उजवा हात गेला. अर्धवट जाळं खुंटीला लटकलं. घरात दुसऱ्या कोणाला विणता येत नाही — दादा तयार जाळी आणतो.

त्या पहाटे दादाचा फोन आला, बाबा गेले. मी रडत एवढंच म्हटलं, "पयल्या इमानान येतंय... अडीच तासच रे, थांबा!" विमानाची वेळ, चेक-इन, गोव्याहून पुढचा गाडीचा रस्ता — काही काही बोलले नाही. माझीच मेली जीभ! नंतर परत लावला, तर दादाचा फोन नुसता वाजत राहिला.

विमान गोव्यावर आलं आणि जवळजवळ तासभर घिरट्या घालत राहिलं. धावपट्टी मोकळी नव्हती म्हणे. उतरल्यावर सवयीने बाबांचाच नंबर लावला. वहिनीने उचलला. सगळं आटोपलं होतं... मी मस्कतहून उडायच्या आधीच.

घरी पोचले तर दादा म्हणतो, "अडीच तास म्हणालेलंस मा? आमी चार तास थांबलंव." भावकीतलं कोणीतरी बोललं होतं, "झील घरात आसा, चेडवासाठी किती थांबतलास?" हे वहिनीने सांगितलं, दादाने नाही. मुलीऐवजी मुलगा परदेशात असता तर दोन दिवस बर्फावर ठेवलं असतं, हे मला कोणी शिकवायला नको.

हातपाय धुवायला मागे गेले. जाळं खुंटीवरून खाली, सुईत नवा दोरा. काळपटलेल्या जुन्या विणीखाली पांढऱ्या कोऱ्या ओळी... गाठी बाबांच्याच, त्या मी कुठेही ओळखीन. मोजल्या. पंचवीस. परत मोजल्या. नेहमीच्या अठरा, आणि तासाभराच्या हिशेबाने वर सात. घिरट्यांचं तर मी तोवर कोणालाच बोलले नव्हते!

वहिनी मागून आली नि ओळींवरून बोट फिरवायला लागली. "काल सांजेक मीच ता झाडलंय. ह्यो ओळी नाय होत्यो गो!"

खूप डोकं लावलं. शेजाऱ्यांना विचारलं, दिवसभर पडवीत कोणी गेलं नव्हतं. विमान हवेत होतं तेव्हा बाबांची राख झालेली होती. आता कोणी मला अक्कल पाजळू नये.

निघताना दादाने ते जाळं घडी करून माझ्यापुढे धरलं. "तू व्हर. तुजाच आसा."

"नको," मी म्हटलं. "तुज्याच घरात ऱ्हवांदे. एक माणूस माजी वाट बघी होता, ता रोज बघ."

दादाने मान खाली घातली. मी गाडीत बसले.