गभणे सरांची बाजू

गभणे सर वाद घालताना उभे राहत. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी भंडाऱ्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी माझ्याच विभागातल्या या ज्येष्ठ सरांना तसं पाहिलं. स्टाफरूमच्या मधोमध उभे, उंच, सडसडीत, हातातला चहा निवून गेलेला. आणि समोर खुर्चीत पाय पसरून बसलेले कॉमर्सचे साकुरे सर. मी दारातच थबकले.

"या बाई, या," गभणे सर म्हणाले. "हे भांडण नोहोय. आमचं असंच चालते."

गंमत म्हणजे दोघं एकाच बाजूचे होते. बाकी सगळी स्टाफरूम सरकारी नियोजनाच्या बाजूची. परमिट आणि कंट्रोल नकोत, बाजार मोकळा हवा, असं म्हणणारे हे दोघंच. आणि तेच रोज एकमेकांवर तुटून पडत. विषय मंदीचा.

"खोट्या तेजीत फुगलेले धंदे बसू दे," गभणे सर म्हणत. "भाव उतरू दे, मजुरी उतरू दे. माणसाले दुसरं काम सापडते."

"अन् सापडेपर्यंत तो खाईल काय?" साकुरे सर विचारत. "बाजारातला पैसाच आटला त चांगला धंदाबी मरते. पैसा तेवढा आटू देऊ नोको, बाकीचं बाजार पाहून घेते."

एकाच गोष्टीवर त्यांचं जमत असे. वर्तमानपत्रात बेरोजगारांचा सरकारी आकडा आला की गभणे सर तो वाचून दाखवत. "ज्याले काम आहे तोबी नाव नोंदवते, अन् ज्याले नाही तो कचेरीपर्यंत पोचतच नाही. सांगा बाई, याच्यात माणूस कुठी आहे?" साकुरे सर मान डोलवत आणि त्याच आकड्यातून लगेच उलटा निष्कर्ष काढत.

पुढे घरोघरी स्टीलची भांडी आली आणि गावातले पितळेचे कारखाने एकेक करून बंद पडू लागले. माझे यजमान अशाच एका कारखान्यात हिशेब बघत. त्यांची नोकरी गेली. त्या संध्याकाळी गभणे सर घरी आले. मला वाटलं, आता दुसऱ्या कामाबद्दल सांगतील. ते सतरंजीवर बसले, माझ्या मुलीला मांडीवर घेतलं, आणि बाजाराबद्दल एक अक्षर न बोलता उठून गेले.

वर्ष उलटायच्या आत कॉलेजातही तेच घडलं. कला शाखेत मुलं घटली, वर्कलोड उतरला, अर्थशास्त्राची एक जागा कमी करायचं ठरलं. सगळ्यांत कनिष्ठ मी.

"आता बोल ना, गभण्या," साकुरे सर सगळ्यांसमोर म्हणाले. "बसू दे म्हणत होतास न? बसली पाहा बाई घरी."

त्याच आठवड्यात गभणे सरांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. निवृत्तीला अजून बरीच वर्षं बाकी होती. मला ते शिपायाकडून कळलं. मी धावत स्टाफरूममध्ये गेले तर साकुरे सर संतापाने लाल झालेले.

"काहून केलं असं?"

"मागणी घटली. महाग माल आधी निघते," गभणे सर शांतपणे म्हणाले. "सगळ्यात महाग मास्तर मीच आहो."

"हा बाजार नोहोय. ही माया आहे. तिले बाजाराचं नाव देऊन मले सांगू नोको."

"तुले जे म्हणायचं ते म्हण."

"मंग आता तू बेरोजगार?"

"मी कुठी काम शोधून राहिलो? सरकारच्या आकड्यात मी बसतच नाही." आणि ते मोठ्यांदा हसले. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, डोळे पुसा. आसगावले धानाची शेती आहे, मले जायचंच होतं."

ते खरं नव्हतं. वर्ग सोडून त्यांना कुठेच जायचं नव्हतं, आणि त्यांच्या पत्नीला, काकूंना, तर आसगाव मुळीच आवडत नसे. पण निघताना काकूंनी माझ्या हाताला धरून फक्त एवढंच म्हटलं, "पोरीले घेऊन येत जा."

आम्ही जात राहिलो. सर बांधावरून चालत मुलीला धानाच्या जाती ओळखायला शिकवत. साकुरे सर सुट्टी लागली की तिकडेच असत. त्यांचे आवाज बांधाच्या पार पलीकडे ऐकू येत.

काही वर्षांनी, धान कापणीला आलेलं असताना, गभणे सर गेले. अंत्यविधी आटोपून मी आणि साकुरे सर एसटीने परतलो. दुसऱ्या आठवड्यात साकुरे सर माझ्याकडे येऊन म्हणाले, "मंदीचा धडा या वर्षी मले घेऊ द्या, बाई."

मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. साकुरे सर गभणे सरांची बाजू मांडत होते. सगळी, एकही मुद्दा न गाळता, आयुष्यभर ज्या मुद्द्यांवर ते तुटून पडले तेच मुद्दे जपून, एकेक उलगडून. तास संपत आला तेव्हा एका मुलीने हात वर केला. "सर, पण तुमचं स्वतःचं मत काय?"

साकुरे सरांनी खडू खाली ठेवला.

"ते सांगायले," ते म्हणाले, "समोर गभणे पाहिजे."