मांडीवरचे हात

ओनेसिमो गावाचा पाववाला. आज गोड पाव भाजायचे की साधे, हे त्याची बायको सांगायची. लग्नाची तारीखसुद्धा तिच्याच आईने ठरवली होती, कारण हा दोन पावसाळे नुसतं "बघू" म्हणत राहिला. ओआहाकाच्या डोंगरातल्या त्या गावात एखादं काम रखडलं की लोक म्हणत, "ओनेसिमोकडे दिलं होतं वाटतं." तोही हसायचा. आपलं कुणाशी वैर नाही, याचा त्याला अभिमान होता.

बायको गेली आणि त्याच वर्षी ग्रामसभेपुढे झऱ्याचा प्रश्न आला. खालच्या वाडीची विहीर आटली होती. वरच्या गावाने तिला झऱ्याचं पाणी द्यायचं का? ओनेसिमोची मुलगी देल्फिना त्या वाडीत दिलेली. आदल्या दिवशी ती सांगून गेली होती, "पाणी नाही मिळालं तर आम्ही कामासाठी सीमा ओलांडून उत्तरेला जाणार, बाबा. मग नातवाला फोटोतच बघा."

सभेत थोरला भाऊ मकारियो त्याला खेटून बसला. "आपल्याच मक्याला पुरत नाही आणि निघालेत दानधर्म करायला. काय रे?"

"बघू, दादा."

बाहेर व्हरांड्यात वाडीची माणसं ताटकळत होती. खिडकीत देल्फिना, कडेवर पोर.

अध्यक्ष लिबोरियो उठले. "पाणी द्यावं असं वाटणाऱ्यांनी हात वर करा."

एवढंच विचारायची रीत होती. ज्याचा हात खाली, तो विरोधात. ओनेसिमोला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरी त्याला वाटलं, आपण विरोध कुठे करतोय, आपण तर नुसते बसलोय.

मोजणारा एकेक रांग पुढे येऊ लागला. ओनेसिमोचे हात मांडीवरच होते. खिडकीकडे बघायचा धीर होईना, आणि दादाचा गुडघा टोचत होता. मोजणारा त्याच्यापाशी जरासा थांबला आणि पुढे गेला.

"थोडे हात कमी पडले," लिबोरियो म्हणाले. "पाणी द्यायचं नाही, असं ठरलं."

तेव्हा ओनेसिमोचा हात वर गेला.

"आता काय, काका? बाहेर जाऊन यायचंय का?" मोजणाऱ्याने विचारलं, तशी सभा हसली.

मकारियोने तो हात धरून खाली घेतला. "शाब्बास. ऐन वेळी भावाची बाजू सोडली नाहीस."

"दादा, मी तसं काही..."

"कळलं रे, कळलं."

खिडकी रिकामी होती. तो धडपडत बाहेर आला, तेव्हा देल्फिना पायऱ्या उतरत होती.

"पोरी, मी 'नाही' म्हणालो नव्हतो."

"मी बघत होते, बाबा," ती म्हणाली. पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि वाडीची वाट धरली.