आधी शोधून बघा

सकाळचा चहा हातात, आणि पडद्यावर अनोळखी माणसाचा निरोप: "लेबलं छापताना शेवटची ओळ कापली जाते. किती दिवस हेच चालणार? ताबडतोब दुरुस्त करा." ना नमस्कार, ना प्रिंटर कोणता याचा पत्ता.

छोट्या वाचनालयांना पुस्तकांच्या नोंदी ठेवायला, लेबलं छापायला लागणारा हा संगणकाचा प्रोग्रॅम आम्ही चार-पाच जण नोकऱ्या सांभाळून हौसेनं चालवतो. तो कुणीही घ्यावा, उघडून बघावा, हवा तसा बदलावा, पुढे द्यावा. लोकांना त्यातलं 'घ्यावा' एवढंच ऐकू येतं. विचारण्याआधी जुने निरोप चाळावेत, असा आमच्यात साधा रिवाज आहे; प्रोग्रॅमच्या चर्चेच्या पानावर लिहिलेलं सगळं कायम सगळ्यांसमोर राहतं. तेवढेही कष्ट नकोत? आम्ही काय यांचे नोकर आहोत?

मी तणतणत चार ओळी खरडल्या, आणि हे आधीच विचारून झालंय हे दाखवून द्यायला स्वतःच जुने निरोप शोधू लागले.

सापडला. सात वर्षांपूर्वीचा. "शेवटची ओळ कापली जाते. इतकं साधं कसं जमत नाही तुम्हाला?" ना नमस्कार, ना प्रिंटरचं नाव. खाली नाव माझं. मी साफ विसरले होते.

त्याखाली, तेव्हा हे काम बघणाऱ्या एका काकांचं उत्तर होतं: "नमस्कार. त्रास झाला, माफ करा. प्रिंटर कोणता आहे? मिळून बघू."

मी माझ्या चार ओळी पुसल्या आणि लिहिलं, "नमस्कार. प्रिंटर कोणता आहे? मिळून बघू."

'माफ करा' मात्र काही केल्या लिहवलं नाही.