फटीतून आलेला जांभळा

निरू ताट अर्धं टाकून उठली, तसा सुनेत्राचा जीव पुन्हा टांगणीला लागला. पोरगी चिडली असती तरी चाललं असतं. पण गेले काही दिवस ती नुसती "हो" म्हणत होती.

निरुपमा रसायनशास्त्र शिकली, वाघोडियाच्या एका कारखान्यात कृत्रिम रंगांचं काम केलं आणि खोकला घेऊन घरी बसली. मग डोक्यात शिरल्या काटेरी समुद्री गोगलगायी. त्यांच्या अंगातल्या थेंबभर रसापासून फार पूर्वी राजवस्त्रांचा जांभळा रंग करत. वेरावळच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत आलेल्या, एरवी फेकल्या जाणाऱ्या गोगलगायी निरू बर्फात घालून घडियाळी पोळ या जुन्या गुजराती गल्लीतल्या घरी आणू लागली.

शेजारीपाजारी सगळे शाकाहारी. सुनेत्राचं घर वर्षानुवर्षं खिडक्या लावून, उदबत्त्या पेटवून मासे तळत आलेलं. शेजारच्या हंसाबेननी "शुं रांध्युं आजे?" असं आज काय रांधलं ते विचारलं की ती हसून "भिंडा", म्हणजे भेंडी, सांगायची.

"आई, कापड गच्चीवर टाकू दे ना. रस आधी हिरवा होतो, उन्हातच जांभळा."

"गच्ची हंसाबेनच्या गच्चीला लागून आहे! मासे एक वेळ लपतात, या रसाचा कुजका वास लपायचा नाही. दिवा लाव आणि खिडकी बंद ठेव."

बंद खोलीत कापड हिरवंच राहिलं. एकदा नाही, दरवेळी. शेवटी निरूने बादली घासून पालथी घातली. "सोमवारपासून परत वाघोडिया. दमले मी, आई."

आज दुपारी ती बाजारात गेल्यावर सुनेत्रा नाकाला पदर लावून ते कापड टाकून द्यायला खोलीत शिरली. खिडकीच्या मोडक्या झडपेला एक फट होती. त्या फटीतून आलेलं ऊन कापडावर जिथे पडलं होतं, तिथे बोटभर रुंद पट्टा उमटला होता. गर्द जांभळा. बाकी सगळं शेवाळी हिरवं. तिने पट्टा साबणाने चोळला. हिरवं जरा फिकं झालं, जांभळं हललंसुद्धा नाही.

जिन्यावर पावलं वाजली आणि पाठोपाठ तो खोकला. सोमवारी ही पुन्हा त्याच धुरात जाऊन उभी राहणार.

हंसाबेन बहुधा बोलणं टाकतील. मासेही कळतील, भिंड्याचं खोटंही कळेल. कळू दे, सुनेत्राला आता लपवण्याचाच कंटाळा आला होता. तिने खिडकी सताड उघडली, ओले हात पदराला पुसले आणि कापड गच्चीवर टाकणार हे आपणच सांगायला फोनमध्ये हंसाबेनचा नंबर काढला.