दगडावरच्या गाई

गडाच्या पायथ्याशी एक वीरगळ आहे. लढताना मेलेल्या कुणाच्या तरी आठवणीसाठी गावाने उभा केलेला दगड. परवा गेलो तर त्यावर ऑइलपेंटने एक नाव लिहिलेलं. एका कादंबरीतल्या सरदाराचं. हा सरदार लेखकाने कल्पनेतून घडवला आहे, तसं प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलंही आहे. पण प्रस्तावना कोण वाचतं?

दगडाला हार घालून उभ्या असलेल्या एका काकांना म्हटलं, "काका, हा सरदार खरा नव्हता."

"असं कसं? त्याचं मरण वाचून आमच्या घरात सगळे रडले."

रडलो तर मीही होतो. त्या रडण्याला खोटं कसं म्हणू? चांगली कादंबरी वाचली की मन भरून येतं, आणि मग ते कुठे वाहावं म्हणून आपण जागा शोधत फिरतो. दगड दिसला की हात जोडतो.

मी हार जरा वर सरकवला. खाली गाई कोरलेल्या होत्या. घोडा नाही, निशाण नाही. "वीरगळावर गाई असल्या की समजायचं, गुरं पळवणाऱ्यांना अडवताना हा माणूस मेला," मी काकांना सांगितलं.

काका वाकून बघत राहिले. "मग याचं नाव काय?"

"माहीत नाही."

"मग लिहायचं काय?"

"काहीच नाही."

त्यांना ते पटलं नाही. हरकत नाही. मी पुन्हा येईन, पुन्हा हार सरकवीन, भेटेल त्याला गाई दाखवीन. सरदाराला मरायला कादंबरीत अख्खं प्रकरण आहे. या माणसाकडे एवढा एकच दगड आहे.