आडनावापुढचा शब्द

सदर बाजारातल्या माझ्या कापडदुकानाची पाटी रंगवणाऱ्या पेंटरचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक आटलं की मी त्याला बोलवायचो आणि आडनाव तसंच ठेवून पुढचा शब्द बदलून घ्यायचो. आधी ‘स्टोअर्स’, मग ‘एम्पोरियम’, शेवटी ‘पॅलेस’. दुकान तेवढंच, दोन बाया शिरल्या की मी बाहेर.

“काहून गा भाऊ, शेपूट रंगवल्यानं म्हैस दूध देते का?” तो थकून विचारायचा, तरी रंगवायचा.

अखेर दुकान विकलं. पाटी पुसायला त्यालाच बोलावलं. ‘पॅलेस’ पुसून तो शिडीवरून उतरला.

“आडनाव राहिलं ना!” मी म्हटलं.

“ते मले नाही जमत. पाटीच घरी घेऊन जा.”

आमच्या न्हाणीघरावर ती छप्पर म्हणून टाकली आहे. आडनावापुढे आता काही नाही. पाणी मात्र गळत नाही.