कूलरचा पाय

आमच्या घरात इंटरनेट दोन डब्यांतून येतं. पहिला पांढरा, कंपनीचा, हॉलच्या दाराजवळ. दुसरा माझ्या खोलीत, मी स्वतः जुळवलेला. सीताबर्डीत जुन्या कॉम्प्युटरचे सांगाडे मिळतात. तिथून एक उचलला, त्यात नेटवर्कचं जादा कार्ड बसवलं आणि त्याला फायरवॉल करून टाकलं. घरात येणारं-जाणारं सगळं आधी त्याच्यापुढून जातं, नको ते तो दारातच अडवतो. कंपनीचा डबाही हे करतो, असं मला पुष्कळांनी समजावलं. करत असेल. दुसऱ्याने लावलेल्या कुलपावर मला झोप येत नाही.

प्रताप नगरातल्या या घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबांची नोकरी गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात झाली. आता घरातलं एकच काम त्यांच्याकडे उरलंय, ते म्हणजे कूलर. होळी झाली की गॅलरीतल्या कूलरवरचं पोतं काढायचं, टाकी घासायची, गवताच्या जाळ्या बदलायच्या आणि लोखंडी स्टँड खिडकीशी नेमकं बसवायचं. त्यात कुणी हात घातलेला त्यांना खपत नाही. मीही घालत नाही.

गेल्या वर्षी कूलर लागला आणि थोड्याच दिवसांत माझं नेट रडायला लागलं. सकाळी ठीक, दुपारी मरगळलेलं. मीटिंगमध्ये माझा चेहरा अर्धवट उघड्या तोंडाने गोठायचा. माझं ऑफिस पुण्यात आहे आणि घरून काम करू देतात ते लाइन चांगली असेल या अटीवर. साहेबांनी आधी गोडीत सांगितलं, मग जरा कमी गोडीत. शेवटी म्हणाले, महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर इकडे या.

पुण्याला जायचं म्हणजे बाबांना एकटं सोडायचं. ते येणार नव्हते. "तिथं मले कोन ओळखते?" एवढंच त्यांचं उत्तर. आई गेल्यानंतर काही महिने ते एकटे राहिले होते. तेव्हा एकदा मी न कळवता आले, तर ते स्वयंपाकघरात उभ्यानेच, पातेल्यातून भात खात होते. मला पाहून त्यांनी घाईने ताट घेतलं. ते दृश्य मला पुन्हा बघायचं नव्हतं.

म्हणून मी डब्याच्या मागे लागले. अडवण्याचा एकेक नियम बंद करून पाहिला. कार्ड बदललं. सगळं पुसून पुन्हा भरलं. काहीच फरक नाही.

"काहून वं, अजून नाही झालं?" बाबा दारातून विचारायचे.

"होऊन राहिलं बाबा."

"मले त तो तुहा डबाच खराब दिसते. काढून टाक न."

मला राग यायचा, कारण संशय माझाही तोच होता. एका दुपारी लॅपटॉप हॉलमध्ये नेऊन थेट कंपनीच्या डब्याला जोडला, तर वेग पूर्ण. म्हणजे दोष माझ्या डब्यात, हे सिद्धच झालं. दोन डब्यांच्या मधे गॅलरीतून जाणारी एक वायर आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वायरकडे कोण बघतं?

मग मी निदान केलं की डबा तापतोय. नागपूरचा उन्हाळा, दुपारीच त्रास, दुसरं काय असणार? डब्याचं झाकण काढलं, टेबलफॅन समोर लावला आणि बाबांना म्हटलं, "दुपारी कूलरची हवा माझ्या खोलीकडे पण येऊ द्या न." बाबा खूश झाले. पुष्कळ दिवसांनी कुणीतरी त्यांच्याकडे काहीतरी मागितलं होतं. त्यांनी मधलं दार उघडं टाकलं, कूलर फुल्ल केला, टाकी काठोकाठ भरली. नेट आणखी बिघडलं.

महिना संपत आला होता. मी सूटकेसवरची धूळ पुसून ठेवली होती, बाबांना दिसणार नाही अशी. एका दुपारी लाइट गेली. आमच्या इन्व्हर्टरवर दोन्ही डबे आणि पंखे चालतात, कूलर चालत नाही. बाबा झोपले होते. मी घाम पुसत सहज वेग तपासला, तर एकदम पूर्ण. खोली भट्टीसारखी तापलेली आणि नेट धावतंय. मग तापण्याचा प्रश्नच नव्हता. बंद होता तो फक्त कूलर.

मी गॅलरीत जाऊन वाकून पाहिलं. भिंतीला भोकं नकोत म्हणून ती वायर मीच त्या हिवाळ्यात, कूलर पोत्याखाली असताना, जमिनीवरून, भिंतीच्या कडेने नेली होती. स्टँडचा मागचा पाय बरोबर तिच्यावर होता. वर भरलेली टाकी. कूलर सुरू झाला की स्टँड थरथरायचं आणि वायर चिरडत राहायची. अशी वायर पुरती तुटत नाही, म्हणून कळतही नाही. आतल्या ज्या तारा शाबूत असतील त्यांवर ती काम रेटते.

जुनी वायर ओढून काढली, पायाखालचा तुकडा पार चपटा झाला होता, भंगारात टाकली आणि नवी हॉलमधून, दारांच्या वरून नेली. बाबा उठले तेव्हा मी स्टुलावरून उतरत होते.

"झालं?"

"झालं."

"काय होतं?"

माझा डबा निर्दोष असल्याचा धडधडीत पुरावा माझ्या हाती लागला होता. दुसरं कुणी असतं तर गॅलरीत नेऊन, वाकायला लावून दाखवला असता. बाबा गॅलरीत जाऊन एका हाताने कूलरच्या जाळीवरची गवताची काडी सारखी करत होते.

"डब्यातच होतं," मी म्हटलं. "तुम्ही म्हणत होते तेच."

"म्या म्हनतच होतो," बाबा म्हणाले आणि टाकीत पाणी भरायला लागले. पुढे आठवडाभर ते शेजाऱ्यांना माझ्या डब्याची कहाणी सांगत होते. मी खिडकीतून ऐकायची आणि राग गिळायची. पुण्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

यंदाच्या होळीनंतर मी मीटिंगमध्ये होते, गॅलरीचं दार उघडं होतं. बाबांनी स्टँड खिडकीशी ओढलं, पण टेकवलं नाही. आधी गुडघा धरून खाली बसले. तळहात भिंतीच्या कडेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवला, दुकानात कापड हाताने बघायचे तसा. तिथे आता काहीच नव्हतं. वायर वर्षभर दारांच्या वर होती. खात्री झाल्यावरच त्यांनी स्टँडचा पाय टेकवला.

म्हणजे भंगारातल्या वायरचा तो चपटा तुकडा त्यांनी तेव्हाच पाहिला होता. वर्षभर बोलले नाहीत.

"तुमचा आवाज येत नाहीये," मीटिंगमधून कुणीतरी म्हणालं. लाइन उत्तम होती. मी अजून गॅलरीकडेच बघत होते.